कोल्हापूरच्या पेठांत उंची हॉटेल चालेल काय?



शहराची भरभराट मोजण्याचीं मापें काळाप्रमाणें बदलत असतात. आगगाडी आली, विजेचे दिवे आले, कॉलेज निघालें, म्हणजे गांव सुधारलें असें आमच्या वाडवडिलांच्या वेळीं म्हणत. कोल्हापुरास आगगाडी १८९१ सालीं आली, आणि हीं सारीं जुनीं मापें आम्हीं केव्हांच ओलांडलीं. आतां नवें माप पुढें आलें आहे, तें उंची हॉटेलाचें. चार सुशिक्षित माणसें एकत्र बसलीं कीं, अंबाबाईच्या देवळाच्या आसपास, महाद्वार रोड, बिंदू चौक, भाऊसिंगजी रोड, लक्ष्मीपुरी ह्या मध्यवस्तींत एखादें पंचतारांकित हॉटेल अद्याप कां निघालें नाहीं, आणि निघालें तर तें चालेल काय, हा प्रश्न हटकून निघतो. आज त्याच प्रश्नाचा थोडा पद्धतशीर विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. माझा एक जुना विद्यार्थी शिरोलीच्या एका फौंड्रींत वरच्या जागेवर आहे. गेल्या हिवाळ्यांत त्याच्याकडे परदेशांतून एक व्यापारी आले. पाहुण्यांच्या मनांत देवळाजवळ, जुन्या गांवांत उतरावयाचें होतें; परंतु त्यांना साजेशी जागा तेथें न मिळाल्यानें त्यांची व्यवस्था हमरस्त्यालगतच्या एका मोठ्या हॉटेलांत करावी लागली. रात्रीं जेवून ते झोपले, सकाळीं त्यांनीं कारखाना पाहिला आणि दुपारच्या विमानानें ते निघून गेले. “सर, पाहुणे कोल्हापुरांत येऊन गेले, पण कोल्हापूर कांहीं त्यांनीं बघितलं नाहीं,” असें तो मला खेदानें म्हणाला. ते पाहुणे दोन रात्री पेठेंत राहिले असते तर महाद्वार रोडचा चप्पलवाला, गुजरींतला सोनार, रिक्षावाला आणि गांवाचा इतिहास सांगणारा एखादा वाटाड्या, अशा चार घरीं चार पैसे गेले असते. हमरस्त्यावरचा पैसा हमरस्त्यावरच राहिला. म्हणून, हॉटेल कोठें होतें आणि कसें होतें, ह्यांत शहराचा खरोखरीचा नफातोटा गुंतलेला आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करूं. संगमरवरी फरशी आणि काचेचीं झुंबरें म्हणजे उंची हॉटेल नव्हे. केंद्र सरकारचें पर्यटन मंत्रालय हॉटेलांना एकापासून पांचपर्यंत तारे देतें. त्याच्याहि वर पंचतारांकित डीलक्स असा एक वर्ग आहे. आणि १९५० पूर्वीं बांधलेल्या वाड्यांत, राजवाड्यांत, हवेल्यांत चालणाऱ्या हॉटेलांसाठीं वारसा हॉटेलांचा निराळा वर्ग केलेला आहे. पंचतारांकित हॉटेल म्हटलें कीं दोनशें खोल्यांची टोलेजंग इमारत आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. वस्तुतः ह्या वर्गासाठींसुद्धां खोल्यांची किमान अट दहाच आहे. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी; पुढें ती उपयोगी पडणार आहे.

उंची हॉटेलाचा खरा विशेष आहे तो चाकरीचा. पाहुणा मध्यरात्रीं आला तरी स्वागताला माणूस हजर पाहिजे, पहांटे निघाला तरी न्याहारी तयार पाहिजे, चादर, पाणी, वीज यांत क्षणाचाहि खंड पडतां कामा नये. यासाठीं खोलीमागें एकाहून अधिक माणूस पदरीं बाळगावा लागतो. खोली भरलेली असो वा रिकामी असो, हे पगार, तें व्याज आणि ती देखभाल कांहीं चुकत नाहीं. साधा लॉजवाला मंदींत दोन पोरांना गांवाकडे धाडून वेळ निभावून नेतो. उंची हॉटेलास तें साधत नाहीं. कारण चाकरी कमी केली कीं त्याचें उंचीपण गेलें. म्हणून अशा हॉटेलाचें सारें दैव एका शब्दावर अवलंबून असतें, आणि तो शब्द म्हणजे ‘मुक्काम’.

येथेंच पुष्कळांची गफलत होते. अंबाबाईच्या दर्शनास वर्षाकाठीं किती लोक येतात तें दाखवून ते म्हणतात, “एवढी गर्दी असतां हॉटेल कां चालूं नये?” परंतु गर्दी आणि मुक्काम ह्या दोन भिन्न वस्तु आहेत. आपल्याकडे येणाऱ्या सामान्य यात्रेकरूचा दिवस पहा. सकाळीं सातआठच्या सुमारास मोटार येऊन थांबते. रांगेंत उभें राहून दर्शन होतें. मग मिसळ, मग चपलांची खरेदी, भवानी मंडप, जमल्यास नवा राजवाडा. दुपारीं तांबड्यापांढऱ्या रश्श्याचें जेवण आटोपलें कीं मोटार जोतिबास, पन्हाळ्यास किंवा नरसोबाच्या वाडीस जाते आणि दिवेलागणीला परतीच्या वाटेला लागते. पुणें येथून सुमारें २३० किलोमीटर, बेळगांव सुमारें ११०. रस्ते सुधारले आणि त्याबरोबर मुक्कामाची गरज कमी झाली. जे यात्रेकरू राहतात ते धर्मशाळेंत किंवा साध्या लॉजवर राहतात, आणि त्यांत वावगें कांहींच नाहीं. देवीच्या दर्शनास आलेल्या माणसानें झोपण्यावर हजारों रुपये खर्च करावे, अशी अपेक्षा करणेंच चूक आहे.

शिवाय ही गर्दी वर्षभर सारखी नसते. नवरात्र, दिवाळीची नि उन्हाळ्याची सुटी, नोव्हेंबरांतला आणि जानेवारीअखेरचा किरणोत्सव, शनिवार-रविवार, ह्या दिवसांत जागा मिळत नाहीं; आणि भर पावसांतल्या एखाद्या बुधवारीं जिन्यावर कोणी भेटत नाहीं. नवरात्रांत ताट शिगोशीग वाढलें म्हणून आषाढांत पोट भरलेलें राहत नाहीं.

आतां थोडें गणित करूं. मीं जन्मभर मुलांना व्याजाचीं आणि सरासरीचीं उदाहरणें घातलीं. त्यांतलेंच एक आज आपणांपुढें मांडतों. यांतील आंकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. रीत मात्र धंद्यांतली आहे. समजा, कोणी १०० खोल्यांचें उंची हॉटेल बांधावयास घेतलें, आणि जमीन, इमारत, सामानसुमान धरून खोलीमागें ८० लक्ष रुपये खर्च आला. एकूण भांडवल झालें ८० कोटी. हॉटेलधंद्यांत एक जुना ठोकताळा आहे: एका खोलीवर जितके हजार रुपये खर्च झाले, तितके रुपये तिचें एका रात्रीचें भाडें असावें. त्या हिशेबानें भाडें ८,००० रुपये येतें. वर्षाच्या ३६५ रात्री आणि १०० खोल्या, म्हणजे विकावयास ३६,५०० रात्री झाल्या. शेंकडा ७० भरल्या, तर २५,५५० रात्रींचें उत्पन्न सुमारें २० कोटी ४४ लक्ष होतें. शेंकडा ३५ च भरल्या, तर तें निम्म्यावर, सुमारें १० कोटी २२ लक्षांवर येतें. भांडवलापैकीं निम्मे, म्हणजे ४० कोटी, दरसाल दरशेंकडा १० नें कर्जाऊ काढले असतील तर नुसतें व्याज ४ कोटी. पहिल्या स्थितींत खोल्यांच्या उत्पन्नाचा पांचवा हिस्सा व्याजांत जातो. दुसऱ्या स्थितींत पांचांपैकीं जवळजवळ दोन हिस्से जातात, आणि पगार, वीज, इंधन, डागडुजी हीं पुढें आ वासून उभींच असतात. म्हणजे रोज रात्रीं, बुधवार असो कीं अमावास्या असो, आठ हजार रुपये देणारे सत्तर पाहुणे कोठून येणार, ह्या प्रश्नाचें उत्तर प्रथम दिलें पाहिजे.

ह्या गणितांत कराची आणखी एक पायरी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या खोलीवरील वस्तु व सेवा कराचे दर बदलले. एका रात्रीचें भाडें ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर कर शेंकडा ५, आणि त्याहून अधिक असेल तर शेंकडा १८. आतां हिशेब करा. ७,५०० रुपयांच्या खोलीस पाहुण्याला ७,८७५ रुपये पडतात. ८,००० रुपयांच्या खोलीस ९,४४०. हॉटेलवाल्यानें पांचशें रुपये वाढविले, पण पाहुण्याच्या खिशांतून १,५६५ रुपये अधिक गेले. पांच टक्क्यांच्या वर्गांत हॉटेलवाल्याला आपल्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाहीं, हें खरें. तरीहि पाहुणा पाहतो तो शेवटचा आंकडा. मुंबईसारख्या शहरांत ही पायरी पाहुणा न कळत चढून जातो. मध्यम शहरांत मात्र ती भिंतीसारखी आडवी येते. किंबहुना, पुढील कांहीं वर्षें आपल्यासारख्या शहरांतील चांगल्या हॉटेलांचें भाडें ह्या भिंतीच्या अलीकडेच घोटाळत राहील, असें मला वाटतें.

“मग मध्यम शहरांत उंची हॉटेलें चालतच नाहींत काय?” असें कोणी विचारील. चालतात, उत्तम चालतात. उदयपूरचें उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेप्रमाणें उदयपूरची लोकसंख्या सुमारें ४ लक्ष ५१ हजार होती, आणि कोल्हापूरची ५ लक्ष ४९ हजार. म्हणजे तें शहर आपल्याहून लहानच. पण पिछोला तलावांतला तेथील राजवाडा १९६३ सालींच हॉटेल म्हणून उघडला गेला. त्यापूर्वीं, १९५७ सालीं, जयपूरच्या रामबाग राजवाड्यानें ही वाट घालून दिली होती. उदयपूरचें यश दोन गोष्टींत आहे. एक तर तेथें जाणारा माणूस दोनतीन रात्री राहण्याच्या बेतानेंच जातो, कारण तळ्यावरची संध्याकाळ हाच त्या गांवाचा मुख्य देखावा आहे. दुसरें असें कीं, राजवाड्यांच्या पाठोपाठ तळ्याकांठच्या बोळांतल्या जुन्या हवेल्यांचींहि लहान लहान हॉटेलें झालीं. गांवाचा गाभा पाडून तेथें हॉटेलें उभीं करावीं लागलीं नाहींत. शहराच्या लोकसंख्येशीं ह्या धंद्याचा संबंध थोडा. पाहुण्याच्या रात्रींशीं फार.

तर कोल्हापूरच्या पदरांत अशा रात्री कितपत पडण्याजोग्या आहेत? अलीकडच्या काळांत तीन गोष्टी आपल्या बाजूनें घडल्या आहेत, त्यांचें एकेक करून वजन करूं.

पहिली गोष्ट न्यायालयाची. कित्येक दशकांच्या मागणीनंतर मुंबई उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरांत सुरू झालें. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ह्या सहा जिल्ह्यांचीं कामें तेथें चालावयाचीं. वकील, पक्षकार, सरकारी अधिकारी यांचें येणें सोमवार ते शुक्रवार असतें, म्हणजे नेमकें यात्रेकरू नसतात त्या दिवशीं. हॉटेलाच्या दृष्टीनें ही सोन्यासारखी गोष्ट आहे. बेंच भरलें तेंहि भाऊसिंगजी रोडच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतींत, म्हणजे अगदीं मध्यवस्तींत. तथापि कायमच्या इमारतीसाठीं जागा नेमली आहे ती शेंडा पार्कची. ती इमारत झाली कीं काळे डगले तिकडे जातील. सबब, केवळ न्यायालयाच्या भरंवशावर पेठेंत ऐशीं कोटी गुंतविणें म्हणजे पाहुण्याच्या मोटारीकडे पाहून घर बांधण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट पन्हाळ्याची. २०२५ च्या जुलईंत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारशांत केला; त्यांत पन्हाळा आहे. पन्हाळा शहरापासून सुमारें वीस किलोमीटर. हे बारा किल्ले पाहावयास निघालेला अभ्यासू प्रवासी हा दर्शनाच्या घाईंत असलेल्या यात्रेकरूहून निराळा असतो. तो सावकाश हिंडतो, वाचतो, विचारतो आणि रात्रीं चांगलें अंथरूण शोधतो. असे प्रवासी हजारोंनीं येणार नाहींत. पण उंची हॉटेलास हजारों नकोच असतात.

तिसरी गोष्ट दळणवळणाची. उजळाईवाडीच्या विमानतळाची नवी इमारत २०२४ च्या मार्चमध्यें खुली झाली. कागल, गोकुळ शिरगांव, शिरोली येथील कारखान्यांकडे येणाऱ्या पाहुण्यांस ही मोठीच सोय झाली. परंतु ह्या लाभाचें तोंड दुहेरी आहे. जो रस्ता पाहुण्यास लौकर आणतो, तोच त्यास लौकर परतहि नेतो. आणि कारखान्याकडे जाणाऱ्यास महामार्गावरचें हॉटेल अधिक सोयीचें पडतें. पुणें-बंगळूर महामार्ग शहराच्या पूर्वेकडून जातो. तेथें जागा प्रशस्त मिळते, मोटारी उभ्या करतां येतात, लग्नाच्या वराती निघूं शकतात. हें शेवटचें लक्षांत घेण्याजोगें आहे. मध्यम शहरांतलें मोठें हॉटेल नुसत्या खोल्यांवर तरत नाहीं. लग्नसमारंभ, सभा, मेजवान्या यांच्या उत्पन्नानें तें खोल्यांची तूट भरून काढतें. पांचशें माणसांचें लग्न म्हणजे शेंदीडशें मोटारी. महाद्वार रोडवर एक हातगाडी आडवी झाली तर चालणाऱ्याची वाट बंद होते. तेथें ह्या मोटारी कोठें मावतील?

आतां जागेच्या अडचणींकडे वळूं. शहराचें क्षेत्र अवघें ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि त्यांतल्या जुन्या पेठा दाट वस्तीच्या. सलग मोठी जागा पाहिजे म्हटल्यास कित्येकांचीं घरें आणि दुकानें उठवावीं लागतील. २०२५ च्या मे महिन्यांत राज्य सरकारनें देवळाच्या परिसराच्या विकासासाठीं सुमारें १,४४५ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. त्या निमित्तानें देवळाभोंवतींच्या रहिवाशांच्या नि दुकानदारांच्या मनांत जागेची धाकधूक आधींच आहे. तिच्यांत हॉटेलांसाठीं होणाऱ्या जमीनखरेदीची भर पडली, तर पिढ्यान् पिढ्या देवीच्या सावलींत पोट भरणारा माणूसच तेथून नाहींसा होईल; आणि तो गेला म्हणजे पाहुण्यानें तेथें येऊन पाहावयाचें काय?

दुसरी अडचण पाण्याची. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट मानतात. २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलईंत नदी ५५ फुटांच्याहि वर चढली. देवळाचा भाग उंचावर आहे. परंतु जयंती नाल्याच्या बाजूची सखल वस्ती आणि शाहूपुरीचा कांहीं भाग ह्या पुरांनीं गांठला, आणि महामार्ग तर दिवसचे दिवस बंद राहिला. मोठ्या हॉटेलाचें यंत्रघर, जनित्र, धुलाई, कोठार हें सारें सामान्यतः तळघरांत असतें. स्वस्त मिळाली म्हणून नाल्याकांठची जमीन घ्यावी आणि तिच्यांत दोन मजले खालीं उतरावें, हा व्यवहार पहिल्याच महापुरांत अंगाशीं येईल. जमिनीचा भाव विचारण्याआधीं तेथल्या एखाद्या म्हाताऱ्याला पुराची खूण कोठपर्यंत आली होती तें विचारावें.

एवढें सगळें ऐकल्यावर मी ह्या कल्पनेच्या विरुद्ध आहें, असा श्रोत्यांचा समज होईल. तसें नाहीं. मोठें हॉटेल मध्यवस्तींत चालणें कठीण आहे, असें माझें म्हणणें आहे. लहान हॉटेल चालण्यास हरकत नाहीं. किमान दहा खोल्यांच्या ज्या अटीचा मीं आरंभीं उल्लेख केला, तिचा उपयोग येथें आहे.

कोल्हापूर हें काळ्या दगडाचें शहर आहे. १८८४ सालीं पूर्ण झालेला नवा राजवाडा, त्याच सुमाराचें टाऊन हॉल, शाहू छत्रपतींच्या काळांतल्या इमारती आणि पेठांतले सरदारांचे वाडे यांनीं ह्या गांवाला एक चेहरा दिला आहे. ह्या वाड्यांपैकीं कित्येक आज वाटण्यांच्या भांडणांत आणि गळक्या कौलांखालीं खचत चालले आहेत. समजा, असा एक वाडा मालकालाच भागीदार करून घेऊन २४ खोल्यांच्या हॉटेलासाठीं सिद्ध केला. जमीन विकत घ्यावयाची नाहीं, म्हणून खोलीमागें खर्च ३० लक्ष धरूं. एकूण ७ कोटी २० लक्ष. भाडें ठेविलें ६,५०० रुपये, म्हणजे कराच्या भिंतीच्या अलीकडे. वर्षाच्या ८,७६० रात्रींपैकीं शेंकडा ४५ च भरल्या, तरी उत्पन्न सुमारें २ कोटी ५६ लक्ष येतें. आणि निम्म्या भांडवलावरचें व्याज ३६ लक्ष, म्हणजे उत्पन्नाचा जेमतेम सातवा हिस्सा. येथें रोज सत्तर खोल्या भरावयाच्या नाहींत. अकरा भरल्या तरी पुरे. आणि अकरा घरचे पाहुणे मिळविणें ह्या शहरास आजहि अशक्य नाहीं.

अर्थात् जुनी वास्तु म्हणजे यशाची हमी नव्हे. रंकाळ्याच्या कांठचा, १९३४ सालीं पूर्ण झालेला शालिनी पॅलेस १९८७ सालीं हॉटेल झाला होता, आणि पुढें तें हॉटेल बंद झालें. सुंदर इमारत आणि समोर तळें, एवढ्यावरच हॉटेल तरत नाहीं, हा बोध आपण त्यापासून घ्यावा. पाहुण्यास गांवांत थांबविणारें कांहींतरी असावें लागतें; आणि तें कांहींतरी म्हणजे, माझ्या मतें, संध्याकाळ.

सूर्य मावळल्यावर कोल्हापुरांत परक्या माणसानें काय करावें? हा प्रश्न स्वतःस विचारून पहा. रंकाळ्यावर फेरी, भेळ, आणि मग जेवण. एके काळीं असें नव्हतें. शाहू महाराजांनीं खासबागेचें कुस्तीचें मैदान उभें केलें आणि त्याला लागूनच १९१५ सालीं पॅलेस थिएटर बांधलें. एका भिंतीच्या अलीकडे शड्डू घुमे आणि पलीकडे नाट्यपद रंगे. तेंच पुढें केशवराव भोसले नाट्यगृह झालें, आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. त्या रात्रीं कोल्हापूरकर रस्त्यांत उभे राहून रडले. हॉटेलचा आणि ह्या आगीचा संबंध काय, असें कोणास वाटेल. परंतु तो अत्यंत निकटचा आहे. ज्या गांवांत रात्रीं नाटक आहे, गाणें आहे, कुस्ती आहे, तळ्याकांठीं निवांत बसावयास जागा आहे, त्या गांवांत पाहुणा आपण होऊन रात्र काढतो. त्या नाट्यगृहाची पुनर्बांधणी पूर्ण होऊन तेथें नियमानें प्रयोग होऊं लागणें, हें कोणत्याहि सवलतीपेक्षां हॉटेलधंद्यास अधिक उपकारक ठरेल. पालिकेनें हॉटेलवाल्यास जमीन देण्याऐवजीं गांवाला संध्याकाळ द्यावी. हॉटेलें तिच्या मागून येतील.

शेवटीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ह्याच भाऊसिंगजी रोडवर शाहू महाराजांच्या अमदानींत गंगाराम कांबळे यांनीं चहाचें हॉटेल काढलें. ‘सत्यसुधारक’ असें त्याचें नांव. गंगाराम ज्या जातींत जन्मले ती अस्पृश्य मानली जाई; त्यांच्या हातचा चहा घ्यावयास कोण येणार? तेव्हां महाराज स्वतः त्या हॉटेलवर जात, चहा घेत, आणि बरोबरच्या मंडळींनाहि घ्यावयास लावीत. १९०१ पासून ज्यांनीं निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें काढून ह्या शहरास वसतिगृहांची जननी केलें, त्याच राजाचें हें कृत्य. हॉटेलचा दरवाजा कोणासाठीं उघडतो, यावरून गांवाची पारख होते, हें त्या राजानें ओळखलें होतें.

तोच प्रश्न आज निराळ्या रूपानें उभा आहे. पेठेंतल्या उंची हॉटेलाच्या दारांतून आंत कोण जाईल? केवळ परगांवचा धनिक, कीं शेजारच्या गल्लींतला शिक्षकहि, महिन्यांतून एकदां कां होईना, चहाला जाऊन बसेल? येथें पुन्हां कराचाच एक बारकावा आड येतो. ज्या हॉटेलांत मागील आर्थिक वर्षांत एखादीहि खोली ७,५०० रुपयांहून अधिक भाड्यानें दिली गेली, तेथल्या उपाहारगृहांतल्या खाण्यावरहि शेंकडा ५ ऐवजीं १८ कर बसतो. म्हणजे भाडें त्या भिंतीच्या अलीकडे ठेवणारें लहान हॉटेल गांवकऱ्यासहि परवडतें, आणि पलीकडे गेलेलें हॉटेल त्याला दारांतच अडवितें. तसेंच चाकरीचें. माझ्या हाताखालून गेलेलीं कितीतरी मुलें आज पुण्यामुंबईच्या हॉटेलांत परक्या पाहुण्यांचीं ताटें वाढीत आहेत, स्वयंपाकघरें संभाळीत आहेत. तीं मुलें परत येऊन आपल्याच गांवांत, आपल्याच भाषेंत पाहुण्याचें स्वागत करतील, तर त्या हॉटेलाचें उंचीपण खरें.

तेव्हां आरंभीच्या प्रश्नाचें उत्तर थोडक्यांत असें कीं, शंभर खोल्यांचें पंचतारांकित हॉटेल कोल्हापूरच्या मध्यवस्तींत आज चालावयाचें नाहीं. त्याची जागा महामार्गावर आहे, आणि तें तेथेंच असावें. परंतु पुराच्या रेषेच्या वर असलेल्या जुन्या दगडी वाड्यांतून वीस-पंचवीस खोल्यांचीं नेटकीं हॉटेलें निघावयास काळ अनुकूल होत आहे. मोटारी पेठेबाहेर ठेवून शेवटचा टप्पा पायीं किंवा रिक्षानें करावा. भाडें बेताचें आणि चाकरी उंची ठेवावी. कामाला आपलीं मुलें घ्यावींत. आणि पाहुण्याला दाखवावयास गांवांत एक चांगली संध्याकाळ असावी. एवढें साधलें, तर माझ्या विद्यार्थ्याचे ते परदेशी पाहुणे पुढच्या खेपेस दोन रात्री राहतील, आणि जातांना आपण कोल्हापूर पाहिलें असें म्हणतील.